ताफा थांबत नाही

"तो ह्या घरात पाऊल टाकेल, त्या क्षणी मी मागच्या दारानं बाहेर पडेन," असं आईनं सकाळीच सांगून टाकलं होतं. आता दुपार होत आली होती आणि ती बटाटे सोलत बसली होती. मामा स्वयंपाकघराच्या दाराला टेकून चहा पीत होता. जेवायला घरची माणसं पाच होती आणि पातेल्यात बटाटे सहांचे पडत होते. बहिणीचा स्वभाव त्याला जन्मापासून ठाऊक होता, म्हणून तो नुसता पातेल्याकडे बघत राहिला.

"बघतोस काय? सुरी घे," आई म्हणाली.

"मी शिंपी माणूस, ताई. मला कात्री दे."

"दोन महिने कात्रीच चालवतोयस. जिभेची."

टोला वर्मी बसला. मामाचं दुकान गोदीच्या फाटकासमोर होतं आणि बंदरातले निम्मे गणवेश त्याच्या हातून जात. आईचा थोरला मुलगा ज्या लढाऊ विनाशिकेवर होता ती बुडाल्याची तार नौदलानं पाठवली होती. आधी 'बेपत्ता', मग आठवड्याभरानं 'हयात असण्याची आशा नाही'. पण तारेत जे नव्हतं ते मामानं आणलं. विनाशिका ज्या मालवाहू बोटींची राखण करत होती, त्या ताफ्यात ह्या घराच्या जावयाचीही बोट होती. ती बुडत्या विनाशिकेच्या अगदी जवळून गेली आणि थांबली नाही. एका खलाशाच्या विजारीचं माप घेताना मामानं हे ऐकलं आणि तोंडातल्या टाचण्या काढायच्याही आधी तो बहिणीकडे धावला. नंतर त्याला पुष्कळदा वाटलं की त्यातली एखादी टाचणी त्या दिवशी गिळली असती तर बरं झालं असतं.

तोवर जावई म्हणजे आईच्या गळ्यातला ताईत होता. घरात सगळे त्याला कप्तान म्हणत, एकटी आई 'बाळ' म्हणायची. थोरला चेष्टेनं म्हणायचा, "आई, मी ह्याचा मेव्हणा आहे की हा तुझा मुलगा आणि मी जावई?" त्या खलाशाच्या मापानंतर आईनं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं.

थोरल्याची धाकटी बहीण, कप्तानाची बायको, टेबलावरचं मेणकापड पुसत होती. घरात तिला धाकटीच म्हणत. पुसून झालं होतं तरी पुसत होती.

"आई, शंभरदा सांगितलं तुला. बोटीला आग लागली होती. एवढ्या धुरात काय दिसणार? समोर कुठली बोट आहे हेसुद्धा कळलं नसेल ह्यांना."

"तुला कुणी सांगितलं? त्यानं?"

"सांगायला भेटलेत कुठे? त्यानंतर कालच तर बोट परत लागली."

"मग तुझ्या मनाचं बोलू नकोस."

"तूही तुझ्या मनाचंच बोलतेस."

खिडकीशी बाबा बसले होते. आयुष्यभर त्यांनी बंदराच्या तोंडाशी जाऊन परक्या बोटींवर चढायचं आणि त्यांना खडकांमधून आत आणायचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यापासून ते बोटी नुसत्या बघत. आता ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "ताफ्यातली बोट थांबत नाही. थांबली की पाणबुडीला दुसरी शिकार आयती मिळते. हा नियम आहे. धूर असो नसो."

"नियम," आई म्हणाली. "पोर पाण्यात आणि तुम्ही नियम सांगा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय."

बाबा पुन्हा बोटींकडे बघू लागले. दोन महिने ते दोघं एका खोलीत झोपत होते, एका टेबलावर जेवत होते, आणि थोरल्याबद्दल एकमेकांशी धड बोलले नव्हते. बोलणं निघालं की ते नियमावर जाई आणि तिथेच संपे.

तेवढ्यात वहिनी, थोरल्याची बायको, आली. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करायची. सकाळची पाळी संपवून थेट येत होती. पाळीभर डोक्यावर असलेल्या फोनच्या पट्ट्याचा वळ तिच्या केसांवर तसाच होता. थोरला गेल्यावर रजा घे म्हणून साहेबांनी सांगितलं तर तिनं घेतली नव्हती. आईला ते खटकलं होतं. शेजारणी काय म्हणतील, ह्यापेक्षा सुनेला रडू कसं येत नाही ह्याचंच तिला जास्त लागलं होतं.

"आले नाहीत अजून?" वहिनीनं विचारलं.

"कोण येणार आहे?" आईनं विचारलं, जणू तिला ठाऊकच नव्हतं. "धाकटीच्या डोक्यात खूळ आहे. तिनं बोलावलंय."

"वन्संनी नाही. मी बोलावलंय. काल बंदर कचेरीला फोन करून निरोप ठेवला."

आईचा हात थांबला. दोन महिने ती समजत होती की सगळं घर फिरलं तरी निदान सून आपल्या बाजूला आहे. सून कधी काही बोलली नव्हती, त्याचा अर्थ तिनं तसाच लावला होता.

"तू? तुझा नवरा होता तो."

"म्हणूनच," वहिनी म्हणाली. "मला त्यांना एक विचारायचंय. मग तुम्ही त्यांना घराबाहेर काढा, मी मध्ये येणार नाही."

दारावर थाप पडली.

*

कप्तान आत आला तेव्हा त्याला पहिली दिसली ती सासू. ती खुर्चीवरून उठली, पदराला हात पुसत मागच्या दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवला आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. त्याच्या मनात आलं, ही बाहेर गेली असती तर सोपं झालं असतं.

बाबांनी मान हलवली. मामानं "या, या" म्हणून उगाच खुर्ची पुढे सरकवली आणि मग आपण कुणाच्या बाजूला आहोत हे न कळून ती पुन्हा अर्धी मागे घेतली. कप्तान उभाच राहिला. टोपी कुठे ठेवावी हेही त्याला सुचेना. ह्याच घरात टोपी कुठेही भिरकावून तो ओरडायचा, "आई, भूक लागली."

धाकटी पुढे आली. तिनं त्याचा दंड घट्ट धरला. दोन महिन्यांत तो वाळला होता, हे तिला हाताला लागलं.

"मी सांगितलंय सगळ्यांना," ती भराभर म्हणाली. "धूर होता. तुम्हाला दिसलं नाही. आमच्या दादाची बोट आहे हेही कळलं नाही. तुम्ही एकदा तुमच्या तोंडानं सांगा, म्हणजे झालं."

कप्तानानं तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याच्यासाठी दोर टाकला होता. नुसती मान हलवायची होती. सासू वळली असती, खुर्ची पुढे आली असती, आणि ह्या घरातलं कुणीही पुन्हा तो विषय काढला नसता. येताना गोदीपासून इथपर्यंतच्या चढावर त्यानं स्वतःही तेच ठरवलं होतं. धूर खराच होता. अगदी खोटं झालं नसतं.

"धूर नंतर आला," तो म्हणाला. "आधी सगळं दिसत होतं."

धाकटीचा हात सैल झाला.

"बसा, भाऊजी," वहिनी म्हणाली. "सुरुवातीपासून सांगा. घाई करू नका."

तो बसला. टोपी मांडीवर ठेवली.

"नुकतं उजाडलं होतं. विनाशिका आमच्या उजव्या अंगाला होती, पाणबुडी आलीच तर तिच्या आणि आमच्या मध्ये राहील अशी. रोज तिथेच असायची. दादा तिच्यावर आहे हे मला ताफा निघाला त्या दिवसापासून माहीत होतं. सिग्नलचा दिवा त्याच्याकडे असायचा. पहिल्याच सकाळी त्यानं दिव्याची उघडझाप करून मला कळवलं होतं, 'तुमची चिमणी फार धूर सोडते, भिकारड्या बोटीचे कप्तान.' नौदलात अशी चेष्टा केली तर शिक्षा होते. तरी केली."

मामा हसला आणि मग त्यानं तोंडावर हात ठेवला.

"त्या दिवशी पाणबुडीचा पाणतीर आला तो आमच्यासाठीच होता, असं मला वाटतं. विनाशिका वळली आणि त्याच्या आड आली. मुद्दाम की नशिबानं, ते मी सांगू शकत नाही. मधोमध लागला. काही क्षणांत ती एका अंगावर कलली. माणसं पाण्यात उड्या टाकू लागली. आम्ही त्यांच्याच रोखानं चाललो होतो. मला चेहरे दिसत होते, बाबा."

"वेग कमी केला नाहीस?" बाबांनी विचारलं. ते खिडकीकडून इकडे वळले होते. इतके दिवस नियम सांगणाऱ्या ह्या माणसाला, नियम पाळताना माणसांचे चेहरे दिसतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"नाही. इंजिनखान्याला हुकूम द्यायचा दांडा माझ्या हातात होता. तो ओढला असता तर बोट थांबली असती. माझा दुय्यम शेजारी उभा राहून रडत होता, ओढा म्हणत होता. खाली तेलाची पिंपं भरलेली आणि चाळीसएक माणसं. तरी मी ओढणार होतो. खरं सांगतो, ओढणारच होतो. तेव्हा विनाशिकेच्या वरच्या मजल्यावर दिवा लागला."

कप्तानानं मांडीवरची टोपी फिरवली.

"'थांबू नका. पुढे चला.' एवढंच. दादाच पाठवत होता."

"दिव्यावरून माणूस कसा कळेल?" मामानं विचारलं. "तारेसारखा सगळ्यांचा कडकट्ट एकच."

"नाही, मामा," धाकटी पुटपुटली. ती भिंतीला टेकून उभी होती. "दादाचा कळतो. शेवटचा ठोका तो लांब ओढायचा. आम्ही लहानपणी पलंगाच्या फळीवर वाजवायचो, तेव्हापासून."

"नौदलातल्या मास्तरांनी त्याबद्दल कितीदा कान उपटले त्याचे," कप्तान म्हणाला. "गेली नाही ती खोड. मी कितीही लांबून ओळखला असता. मी हात दांड्यावरून काढला. बोटीवरचे तराफे, दोर, रिंगा, लाकडी खोकी, जे होतं ते सगळं फेकायला लावलं. आणि पुढे गेलो. माझ्यानंतर त्यानं मागच्या बोटीला तेच पाठवलं. मग तिच्या मागच्या. मी वळून बघत होतो. दिवा चालू होता. त्यानंतर धूर आला."

"आणि पाण्यातली ती पोरं?" मागच्या दाराकडून आवाज आला. आई वळली नव्हती.

"पाणबुडीला पिटाळल्यावर दुसरी एक राखणीची बोट परत गेली होती, आई. काही जण मिळाले."

"त्यांत तो नव्हता."

"नव्हता."

*

वहिनी त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली. हे सगळं ऐकताना तिचा चेहरा हलला नव्हता. एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोकांच्या कानातलं तिच्या कानावर पडायचं, जन्म, मरण, भांडणं. ऐकत असताना आपण मध्ये नसायचं ही सवय तिला लागली होती. नवऱ्याच्या मरणाच्या वेळीही ती तशीच राहिली. तिला वाटत होतं की अजून पुरतं ऐकूनच झालेलं नाही.

"मला जे विचारायचंय ते विचारते," ती म्हणाली. "फोनवर माणूस 'हॅलो' म्हणतो तेव्हाच मला कळतं, घाबरलाय की नाही. दिव्यात तसं काही कळतं?"

"कळतं, वहिनी. हात कापला की अक्षरं तुटतात. काही चिकटतात."

"मग ह्यांची?"

कप्तानानं डोळे मिटले. तिला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगावं असं त्याच्या मनात नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. तो आठवत होता.

"एकही तुटलं नाही," तो म्हणाला. "घाई नव्हती. पहिल्या सकाळी माझ्या चिमणीची चेष्टा केली, तेव्हा होता तसाच हात. शेवटचा ठोका ओढलेला."

वहिनीनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा. मग तिनं दोन्ही तळवे मेणकापडावर उताणे ठेवले, आणि तिच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते तिनं पुसलंच नाही. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "मी रोज त्यांना घाबरलेले बघत होते."

आईनं कडी सोडली होती. ती आता खोलीकडे तोंड करून उभी होती, आणि तिचा राग कुणावर तरी निघायला जागा शोधत होता.

"असा कसा तो," ती म्हणाली. "समोरून घरचा माणूस चाललाय. थांब म्हणायचं. जन्मात एकदा तरी स्वतःसाठी काही मागायचं."

"त्याच्या कप्तानानं जो हुकूम दिला तो त्यानं पाठवला," बाबा म्हणाले.

"हुकूम कुणाचाही असू दे. हात त्याचा होता." ती दाराच्या पायरीवर मटकन बसली. "मूर्ख आहे. लहानपणापासून मूर्ख आहे. दुसऱ्याच्या ताटात वाढायचं आणि स्वतः उपाशी राहायचं." आणि मग ती रडू लागली, मोठ्यानं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं. तार आल्यापासून ती अशी रडली नव्हती. तोवर तिला रागानं सावरून धरलं होतं.

बाबा खिडकीपासून उठले. गुडघे धरत धरत ते तिच्या शेजारी पायरीवर बसले. "पोहायला मी शिकवलं त्याला," ते म्हणाले. "मला वाटत होतं, तो पोहत असेल. बोटींच्या मागे पोहत असेल." हेही ते पहिल्यांदाच बोलत होते. आईनं रडता रडता त्यांच्या बाहीला धरलं.

मामानं मुकाट्यानं उरलेले बटाटे सोलायला घेतले.

धाकटी घरात नव्हती. ती केव्हा बाहेर गेली ते कुणाला कळलं नाही.

*

ती समोरच्या पायऱ्यांवर बसली होती. रस्ता तिथून सरळ खाली गोदीत उतरत होता. वहिनी आली आणि तिच्याजवळ टेकली.

"दोन महिने मी आईशी भांडले," धाकटी म्हणाली. "मामाशी बोलणं टाकलं. दुकानात बायका कुजबुजायच्या, त्यांना तोंडावर सांगितलं, ह्यांना दिसलं नाही म्हणून. आणि ह्यांना तर चेहरे दिसत होते, वहिनी. दादाचा हात ओळखता येत होता. आता आई त्यांना जेवायला वाढेल आणि मी त्यांच्याकडे बघूसुद्धा शकणार नाही."

"मलाही राग येतोय त्यांचा," वहिनी म्हणाली. "तो जाणार नाही लवकर. ते चालत आले, माझे नाही आले. ह्याला काय करणार?"

"मग तुम्ही त्यांना बसा कसं म्हणालात?"

"त्यांना खोटं बोलता आलं असतं. तुम्ही तर शब्दसुद्धा हातात दिले होते." वहिनी उठली. "न दिसलेल्या नवऱ्यासाठी तुम्ही भांडत होतात, वन्सं. तो कुणी नव्हताच. हा जो आलाय, त्याचं काय करायचं ते बघा. त्याला गुरुवारी परत जायचंय."

"गुरुवारी? कुठे?"

"त्याच वाटेनं. काल निरोप ठेवताना बंदर कचेरीतल्या बाईंनीच सांगितलं. विचारायचं नसतं, पण मी विचारलं."

वहिनी आत गेली. थोड्या वेळानं कप्तान बाहेर आला आणि दोन पायऱ्या सोडून बसला. खाली क्रेनचा खडखडाट चालला होता. त्याच्याच बोटीत माल भरत असावेत.

"सांगणार होतो," तो म्हणाला. "गुरुवारचं."

"अशी वेळ पुन्हा आली तर?"

त्यानं खाली गोदीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुढे जाईन."

"दिव्यानं कुणी सांगितलं नाही तरी?"

"आता तरी. त्या दिवसानंतर दुसरं काही करता येणार नाही मला. तो उगाच मेला असं होईल."

धाकटीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"आणि तुमच्या बोटीला लागलं तर? तुम्ही पाण्यात, आणि मागून येणारा कप्तान थांबला नाही. पुढच्या महिन्यात तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. मी काय करू त्याचं?"

"आत घे," कप्तान म्हणाला.

"एवढंच?"

"जेवायला घाल. बिचारा येताना चढावर चार वेळा माघारी फिरला असेल."

ती हसली नाही, पण तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही किती वेळा फिरलात?"

"मोजलं नाही. कोपऱ्यावरचा तो कोळसेवाला शेवटी विचारायला लागला, साहेब, पत्ता सापडत नाहीये का?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मासे तळल्याचा वास आला. धाकटी उठली, त्याच्या मांडीवरची टोपी उचलली आणि स्वतःच्या हातात धरून आत गेली. तो मागोमाग गेला.

जेवताना कुणी फार बोललं नाही. आईनं त्याच्या ताटात वाढलं, पण 'बाळ' म्हणाली नाही. ते ती पुढेही फार दिवस म्हणाली नाही. निघताना मात्र दारात तिनं त्याला अडवलं.

"गुरुवारी किती वाजता सुटते बोट?"

"ते सांगायचं नसतं, आई. लढाई आहे."

"मी काय पाणबुडीला जाऊन सांगणार आहे?"

मामा खाकरला. "ताई सांगणार नाही. माझ्यासमोर मात्र बोलू नका."

कप्तान वाकला आणि तिच्या कानात बोलला.

*

तार आल्यापासून आई बंदराकडे फिरकली नव्हती. गुरुवारी ती बाबांचा हात धरून धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली. धाकटी आणि वहिनी आधीच तिथे होत्या. मामानं दुकान उघडलंच नव्हतं.

मालवाहू बोटी एकामागून एक बंदराच्या तोंडातून बाहेर पडल्या. कप्तानाची तिसरी होती. तिच्या चिमणीतून भपाभप धूर निघत होता. तो वर कठड्याशी उभा होता. धाकटीनं हात केला, त्यानं टोपी काढली, आणि बोट वळली तसा तो दिसेनासा झाला.

"चला," बाबा म्हणाले. "गार वारा आहे."

"थांबा जरा," आई म्हणाली.

सगळ्यांत शेवटी राखणीची विनाशिका निघाली. करडी, अरुंद, चपळ. थोरला ज्या बोटीवर होता तिचीच बहीण म्हणावी अशी. वरच्या मजल्यावर सिग्नलच्या दिव्याजवळ एक तरुण उभा होता आणि फडक्यानं काच पुसत होता. कुणाचा कोण. आईनं त्याच्याकडे बघून हात वर केला.

तो कामात होता. त्यानं पाहिलं की नाही ते धक्क्यावरून कळलं नाही. विनाशिका वेग घेऊन ताफ्याच्या उजव्या अंगाला जाऊ लागली, आणि आई हात खाली घेईना. तेव्हा वहिनी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनंही आपला हात वर केला.